मोलगी तालुका करा, पण आधी पाड्यांना विचारा

माननीय महसूलमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



मोलगी स्वतंत्र तालुका व्हावा, ही मागणी आपल्या खात्याला नवी नाही. गेली कित्येक वर्षे त्यासाठी निवेदने येत आहेत आणि प्रत्येक निवडणुकीत आश्वासनेही मिळत आहेत. तेवढेच पुन्हा सांगायचे असते तर मीही एक निवेदन दिले असते आणि पोचपावती घेऊन घरी गेलो असतो. हे पत्र उघड लिहितो आहे, कारण तालुक्याच्या मागणीच्या पोटात आमच्या गावात आणखी एक वाद चालू आहे आणि तो निवेदनांत कधी उमटत नाही. निवेदनावर सगळ्यांच्या सह्या असतात. त्या सह्या करणाऱ्यांच्या मनात काय काय आहे, ते कागदावर येत नाही.

तालुका हवा याबद्दल मोलगीत दुमत नाही. बाजारपेठेतला दुकानदार, नर्मदाकाठच्या पाड्यावरून बाजाराला येणारी बाई, कॉलेजसाठी लागणारा दाखला मिळवण्यासाठी वणवण करणारा मुलगा, सगळ्यांना तालुका हवा आहे. वाद आहे तो पुढचा. तालुका झाला की मोलगीची ग्रामपंचायत राहणार की नगरपंचायत होणार? कोणती गावे आमच्याबरोबर येणार? आणि हे कोण ठरवणार?

आधी तालुका का हवा ते थोडक्यात सांगतो, कारण मुंबईत नकाशा सपाट दिसतो. २०११ च्या जनगणनेत अक्कलकुवा तालुक्याची लोकसंख्या २,४५,८६१ होती. या तालुक्याचे दोन भाग आहेत. एक सपाटीचा, अंकलेश्वर-बऱ्हाणपूर महामार्गाच्या कडेचा. त्यात अक्कलकुवा शहर येते आणि तहसील कार्यालयही तिथेच आहे. दुसरा भाग सातपुड्याचा. तो घाट चढल्यावर सुरू होतो आणि थेट नर्मदेच्या पाण्यापर्यंत जातो. या वरच्या भागाची बाजारपेठ मोलगी. भगर, आमचूर, मोहाची फुले, चारोळी, सगळे इथेच विकायला येते. ग्रामीण रुग्णालय इथे, पोलीस ठाणे इथे. काठीची राजवाडी होळी पाहायला दुरून येणारी माणसेही मोलगीवरूनच जातात. माणसांनी आपले केंद्र केव्हाच ठरवले आहे. सरकारने फक्त ते मानायचे राहिले आहे.

मोलगीहून अक्कलकुवा ३५ ते ४० किलोमीटर. हा आकडा ऐकून कोणालाही वाटेल, तासाभराचा तर रस्ता. पण मोलगी ही वरच्या भागातली सगळ्यात सोयीची जागा आहे. पाड्यावरचा माणूस आधी डोंगर उतरून, नाला ओलांडून, चालत डांबरी रस्त्यावर येतो. तिथे पिकअप किंवा क्रुझर मिळाली तर मोलगी, आणि मग देवगोईचा घाट उतरून अक्कलकुवा. तहसीलमध्ये साहेब बैठकीला गेलेले असले किंवा नेट बंद असले की तो दिवस गेला. मजुरी बुडाली, भाडे गेले, दाखला नाही. आणि सगळी कामे एका ठिकाणी होतात असेही नाही. सातबारा आणि फेरफारासाठी अक्कलकुवा. आदिवासी विकासच्या योजनांसाठी प्रकल्प कार्यालय तळोद्याला. जिल्हा परिषद आणि जिल्हाधिकारी नंदुरबारला. वनहक्काचा दावा तर ग्रामसभेतून उपविभागाला आणि तिथून जिल्हा समितीकडे जातो. त्यात एक कागद कमी पडला की ही सगळी वाट पुन्हा चालायची.

१ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. त्याआधी जिल्ह्याचे काम म्हणजे धुळे. तो बदल आमच्या वडीलधाऱ्यांनी पाहिला आहे आणि अंतर कमी झाल्याने काय होते हे त्यांना ठाऊक आहे. तेच अंतर तालुक्याच्या पायरीवर कमी करा, एवढेच मागणे आहे.

घाटाबद्दल दोन ओळी लिहायलाच हव्यात. सप्टेंबर २०२१ मध्ये अक्राणी (धडगाव) तालुक्यातल्या चांदसैली घाटात दरड कोसळली होती. एक माणूस आजारी बायकोला खांद्यावर घेऊन निघाला आणि ती वाटेतच गेली. नोव्हेंबर २०२५ मध्ये आमच्या देवगोई घाटात आश्रमशाळेच्या मुलांची बस दरीत कोसळली, दोन मुले गेली. तालुका झाल्याने घाट सरळ होणार नाहीत, हे मला कळते. पण रोजच्या कामासाठी घाट उतरावा लागणाऱ्या माणसांची संख्या कमी झाली तर त्या धोक्यात जाणाऱ्यांची संख्याही कमी होईल. आणि घाट बंद पडला तरी वरच्या भागात निर्णय घेण्याचा अधिकार असलेला, यंत्रणा हलवू शकणारा कोणीतरी अधिकारी हजर असेल. पावसाळ्यात याची किंमत काय असते, ते बांबूच्या झोळीतून रुग्ण वाहून आणणाऱ्यांना विचारा.

देशातले पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावी दिले गेले. पंतप्रधान स्वतः आले होते. २०१८ मध्ये नंदुरबार आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला. २०२१ मध्ये नीती आयोगाने बहुआयामी दारिद्र्याचा पहिला अहवाल काढला, त्यात महाराष्ट्रात सर्वाधिक, ५२ टक्क्यांहून जास्त गरीब लोक याच जिल्ह्यात निघाले. म्हणजे आमच्याकडे कोणाचे लक्ष नाही असे नाही. योजना आमच्या नावाने सुरू होतात, पाहणीला माणसे येतात, फोटो निघतात. सही करणारा हात मात्र डोंगराच्या खाली राहतो.

आता मूळ वादाकडे येतो.

२०१४ मध्ये राज्य सरकारने तालुक्याच्या मुख्यालयांच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायत करण्याचे धोरण घेतले. त्यातून शेजारच्या अक्राणी तालुक्यात धडगाव-वडफळ्या-रोषमाळ बुद्रुक नगरपंचायत झाली. साहजिकच मोलगीत सगळे धरून चालतात की तालुका आला की मागोमाग नगरपंचायत येणार. बाजारपेठेतल्या पुष्कळांना ती हवीच आहे आणि त्यांची बाजू मी हलकी मानत नाही. बाजाराच्या दिवशी डोंगरातून हजारो माणसे इथे उतरतात. बायांना जायला धड स्वच्छतागृह नाही. पावसात रस्ता आणि गटार एक होते. उन्हाळ्यात पाण्याचे हाल वेगळेच. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नात हे होणार नाही, नगरपंचायतीला शहरी योजनांचा पैसा येईल, मुख्याधिकारी येईल, असे ते म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे.

पण पाड्यांवरची माणसे वेगळे विचारतात, आणि त्यांच्या प्रश्नांना आजवर कोणी समोर बसून उत्तर दिलेले नाही.

मोलगी संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतल्या क्षेत्रात, म्हणजे अनुसूचित क्षेत्रात आहे. अक्कलकुवा तालुका पूर्णच आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने इथल्या ग्रामसभेला जे अधिकार दिले ते पंचायतीच्या चौकटीतले आहेत. पंचायत गेली की चौकटच जाते. सरपंचपद अनुसूचित क्षेत्रात आदिवासींसाठीच राखीव असते आणि निम्म्याहून कमी जागा आदिवासींना देता येत नाहीत. नगरपंचायतीच्या अध्यक्षपदाला अशी कायमची हमी नाही. तिथे आरक्षण फिरते. आदिवासी उपयोजनेच्या ५ टक्के अबंध निधीचा पैसा २०१५ पासून पेसातल्या ग्रामपंचायतींना थेट मिळतो आणि तो कशावर खर्च करायचा ते ग्रामसभा ठरवते. नगरपंचायतीला हा निधी लागू नाही. रोजगार हमीचा केंद्रीय कायदा ग्रामीण भागापुरता आहे. मोलगीच्या हद्दीतले पाडे शहरात गेले तर तिथल्या माणसाच्या हातचे हमीचे काम जाते, आणि त्याच्या घरासमोर गटार मात्र कधी येईल सांगता येत नाही. पाडा शहराच्या हद्दीत घेतल्याने पाड्याचे शहर होत नाही.

याहून मोठी गोष्ट संविधानातच आहे. नगरपालिकांबद्दलचा नववा-अ भाग अनुच्छेद २४३ यग नुसार अनुसूचित क्षेत्रांना आपोआप लागू होत नाही. तो लागू करायचा तर संसदेने फेरबदलांसह कायदा करायचा आहे. पंचायतींसाठी असा कायदा झाला, त्यालाच आपण पेसा म्हणतो. नगरपालिकांसाठीचे विधेयक २००१ मध्ये संसदेत आले आणि तिथेच राहिले. म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या शहरात ग्रामसभेसारखी सभा कशी असावी, तिला कोणते अधिकार असावेत, याचा कायदाच देशात नाही. ती पोकळी भरलेली नसताना आमचे गाव शहर करणे म्हणजे आमच्या हातातले काढून घ्यायचे आणि बदल्यात काय मिळणार हे ठरलेलेच नसायचे.

एक गैरसमज मात्र इथेच दूर करतो, कारण तो पाड्यांवर पसरला आहे आणि त्याने वाद भरकटतो. नगरपंचायत झाली की आदिवासीची जमीन कोणीही विकत घेऊ शकेल, असे सांगितले जाते. ते खरे नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अ चे संरक्षण नगरपंचायत झाल्याने उठत नाही. भीती घालून विरोध उभा करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. जे खरोखर जाणार आहे तेच पुरेसे मोठे आहे. खोटे काही जोडायची गरज नाही.

हे वाद फक्त मोलगीचे नाहीत. नर्मदेकाठी आमच्याच तालुक्यातल्या मणिबेलीपासून थोड्या अंतरावर, गुजरातच्या बाजूला केवडिया आहे. तिथे २०१८ मध्ये १८२ मीटर उंचीचा पुतळा उभा राहिला आणि २०१९ मध्ये गुजरात सरकारने त्या परिसराच्या विकास आणि पर्यटनासाठी वेगळे प्राधिकरण नेमणारा कायदा केला. केवडिया, नवागाम, लिमडी, गोरा, वागडिया, कोठी या गावांतल्या आदिवासींनी विरोध केला. ग्रामपंचायतीचे अधिकार प्राधिकरणाकडे जातील आणि विकास होईल पण ठरवणारे आपण नसू, ही त्यांची तक्रार होती. तिथे आमच्या लोकांचे नातेवाईक आहेत, सोयरिकी आहेत. तिथे जे घडले ते इकडे बाजारात बोलले जाते. म्हणून नगरपंचायत म्हटले की पाड्यावरचा म्हातारा आधी केवडियाचे नाव काढतो, आणि तो अडाणी आहे म्हणून काढतो असे कोणी समजू नये.

त्या म्हाताऱ्याच्या पाठीशी अनुभव आहे. सरदार सरोवरात महाराष्ट्रातली ३३ गावे बाधित झाली, त्यातली ९ अक्कलकुवा तालुक्यातली. चिमलखेडी, धनखेडी, बामणी, डनेल, मुखडी ही नावे मंत्रालयातल्या फायलींत सापडतील. त्या गावांना विचारून धरणाची उंची ठरली नव्हती. विचारायला हवे होते, हे पुढे जगाने मान्य केले. जागतिक बँकेने नेमलेल्या मोर्स समितीचा अहवाल १९९२ मध्ये आला, १९९३ मध्ये धरणाला मिळणारा बँकेचा पैसा थांबला आणि १९९४ मध्ये चाळीसहून अधिक देशांतल्या संघटनांनी मोठ्या धरणांविरुद्ध जो जाहीरनामा काढला त्याला नाव दिले मणिबेलीचे. आमच्या तालुक्यातल्या एका लहान गावाचे नाव असे जगभर गेले. पण जमिनी पाण्याखाली गेल्या त्या गेल्याच, आणि लोक तळोदा-शहाद्याच्या वसाहतींत विखुरले. जे वर डोंगरावर राहिले ते आजही मोलगीच्याच बाजाराला येतात. त्यांना न विचारता आणखी एक रेघ ओढू नका.

रेघेबद्दल म्हणजे हद्दीबद्दल. प्रस्तावात गावांची यादी करताना नकाशावर कंपास ठेवून अंतर मोजले गेले तर चूक होईल. डोंगरात सरळ रेषेतले अंतर कामाचे नसते. मधे नाला असेल तर दोन कोसांवरचे गाव पावसाळ्यात चार महिने तुटते. काही गावांना मोलगी जवळ दिसते पण त्यांची वाट धडगावला जाते. खालच्या अंगाची काही गावे अक्कलकुव्यालाच राहायला तयार असतील. नर्मदाकाठच्या गावांचा रस्ता तर काही ठिकाणी पाण्यातून आहे. त्यांच्यासाठी तरंगता दवाखाना चालवावा लागला, तो उगाच नाही. त्या त्या गावच्या ग्रामसभेचा ठराव घ्या आणि तोच हद्दीचा पहिला आधार माना. पालघरचे उदाहरण समोर आहे. १ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला, त्यामागे आदिवासी भागाजवळ प्रशासन आणण्याचे कारण होते. पण मुख्यालय रेल्वेच्या कडेला पालघरला आले आणि जव्हार-मोखाड्याच्या लोकांची जव्हारची मागणी मागे पडली. नवा जिल्हा झाला, डोंगरातला माणूस मात्र अजून घाट उतरतोच आहे. मोलगी तालुका करताना वरची दुर्गम गावे पुन्हा कडेलाच राहणार असतील तर आपण तीच चूक लहान प्रमाणात करू.

आणि कार्यालये द्याल तर माणसांसकट द्या. तहसीलदार, गटविकास अधिकारी, भूमी अभिलेख, दुय्यम निबंधक, कृषी, न्यायालय, उपकोषागार, या सगळ्यांची पदे मंजूर झाल्याशिवाय फलक लावू नका. डोंगरातली बदली शिक्षा समजली जाते हे आपल्याला आमच्याइतकेच ठाऊक आहे. ती शिक्षा वाटू नये म्हणून आधी राहायला निवासस्थाने बांधावी लागतील. अनुसूचित क्षेत्रातली तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, परिचारिका अशी १७ प्रकारची पदे स्थानिक आदिवासींमधून भरण्याची अधिसूचना २०१४ ची आहे. ती भरती अडकत-रखडत चालली आहे. ती पूर्ण झाली तर पाड्यावरची बाई तिच्या भाषेत कारकुनाशी बोलू शकेल. मला तरी तालुका होण्याइतकीच ही गोष्ट मोठी वाटते.

आमच्यातले पुष्कळ पाडे अजून महसुली गावाच्या नावाखाली दबलेले आहेत. २०१४ च्या पेसा नियमांनुसार पाड्याला ठराव करून स्वतंत्र गाव म्हणून जाहीर होता येते. असे जे प्रस्ताव असतील ते तालुक्याच्या अधिसूचनेआधी निकाली काढा. मग त्या त्या पाड्याची ग्रामसभा स्वतःच सांगेल की तिला कुठल्या तालुक्यात जायचे आहे, आणि मोलगीच्या हद्दीतले पाडे स्वतः सांगतील की त्यांना ग्रामपंचायतीत राहायचे आहे की नाही. बाजारपेठेला गटारे, पाणी आणि स्वच्छतागृहे हवीत ती ग्रामपंचायत ठेवूनही देता येतात. जिल्हा नियोजनातून मोलगी बाजारासाठी वेगळी तरतूद करा. बाजारपेठेचे आणि पाड्यांचे भांडण मुळात पैशाच्या टंचाईचे आहे. ती टंचाई सरकारने ठेवली नाही तर हे भांडण बरेचसे मिटेल.

आता आणखी एकच मागणी, आणि ती सगळ्यात आधी पुरी करायची आहे.

तालुक्याची प्रारूप अधिसूचना निघते तेव्हा हरकती आणि सूचना मागवल्या जातात. ती राजपत्रात छापली जाईल, वर्तमानपत्रात येईल, तहसील कार्यालयाच्या फलकावर लागेल. यातले काहीही पाड्यावर पोहोचत नाही. अधिसूचना मोलगीच्या बाजारात, बाजाराच्या दिवशी, भोंग्यावरून मराठीत आणि भिलीत वाचून दाखवा. प्रत्येक ग्रामसभेत ती भिलीत किंवा पावरीत समजावून सांगणारा माणूस पाठवा. नगरपंचायत होणार असेल तर ते त्याच वेळी सांगा, तालुका मिळाल्याच्या आनंदात नंतर गुपचूप करू नका. आणि हरकती तोंडी नोंदवून घ्यायची सोय करा. अंगठा लावणाऱ्याची हरकतही हरकतच आहे.

तारीख ठरवताना एवढे बघा. दिवाळी झाली की आमचे निम्मे पाडे रिकामे होतात. माणसे गुजरातला जातात, उसाच्या तोडीला, शेतमजुरीला, बांधकामाला. घरात म्हातारी माणसे आणि काही मुले उरतात. हरकतींची मुदत डिसेंबर-जानेवारीत ठेवली तर कागदावर कोणाचीही हरकत येणार नाही आणि मग सांगितले जाईल की जनतेचा विरोध नव्हता. होळीला सगळे परत येतात. भोंगऱ्या बाजार भरतो, काठीची होळी पेटते, त्यानंतर पहिल्या पावसापर्यंत माणसे गावात असतात. १ मेची ग्रामसभाही त्यातच येते. मुदत त्या दिवसांत ठेवा.

आपला,
मोलगी ग्रामसभेचा एक सदस्य
मोलगी, ता. अक्कलकुवा, जि. नंदुरबार